खोड काढणारा व्यापारी

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. मोठेपणी ते बैलगाड्यांचा तांडा घेऊन फिरू लागले. गावोगावच्या कारागिरांचा माल घ्यायचा आणि दूरदेशी विकायचा, हा त्यांचा व्यवसाय. नगरात त्यांना मोठा मान होता. खेड्यांत मात्र लोक त्यांना ‘खोडकाढे शेटजी’ म्हणत, आणि खरे सांगायचे तर ते नाव त्यांनी स्वकष्टाने कमावले होते.

नगराबाहेर दिवसभराच्या वाटेवर वेळुग्राम नावाचे गाव होते. जमीन खडकाळ, शेती नावापुरती. ओढ्याकाठी वेळूची बेटे तेवढी दाट होती. उन्हाळा लागला की तिथल्या बाया नगरात जात आणि मोठ्या घरांत दासी होऊन राहत. काही परत येत, काही येत नसत. कण्हेरी नावाच्या बाईची थोरली बहीण अशीच गेली ती आलीच नाही. तेव्हा कण्हेरीने वेळूच्या कामट्या काढून धान्याच्या दुरड्या विणायला घेतल्या, शेजारणींना शिकवल्या आणि ओढ्याकाठी आठवड्याचा बाजार बसवला. पुढच्या उन्हाळ्यात गावातली एकही बाई नगरात गेली नाही. यापुढेही कोणी जाऊ नये, एवढेच कण्हेरीला हवे होते.

त्या बाजाराची एक रीत होती. दिवसाचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीच्या गिऱ्हाइकाला उलट बोलायचे नाही, तो काय म्हणेल ते ऐकून घ्यायचे. बोधिसत्त्वांना ही रीत ठाऊक होती, म्हणून ते बाजार भरता भरताच कण्हेरीपुढे येऊन उभे राहत. एक दुरडी उचलत, उलटी करून तिच्या बुडाला अंगठा लावत.

“वेळू वाळवला होतास का?”

“वाळवला की, शेटजी.”

“पुरता नाही. ओली कामटी विणताना घट्ट बसते, मग वाळली की आकसते. हे बूड टिकणार नाही.”

एवढे बोलून ते तीच एक दुरडी घेत, आठवडाभर वापरत आणि पुढच्या बाजारी परत आणून कुठे सैल पडली ते दाखवत. कण्हेरी ओठ आवळून ऐके. “भवानी नसती तर चांगलंच सुनावलं असतं या बाबाला,” असे ती शेजारणीला म्हणे. पण घरी गेल्यावर वेळू उन्हात घाली. ज्या दुरडीला काढण्याजोगी खोड उरत नसे ती बोधिसत्त्व नदीपलीकडच्या गावांत नेऊन दाखवत. हळूहळू तिकडच्या बाया होडीने बाजाराला येऊ लागल्या. वाढ मुंगीच्या पावलांची होती, पण होत होती.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला नगरातला मणिगुप्त नावाचा धनिक वेळुग्रामात आला. त्याने एकही दुरडी उलटी करून पाहिली नाही. “किती सुंदर काम आहे, बाई,” असे म्हणून त्याने सगळा बाजार उचलला. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. गावात आनंदीआनंद झाला. नदीपलीकडच्या बाया आल्या, रिकाम्या परत गेल्या, पुन्हा आल्या आणि मग यायच्या थांबल्या. बोधिसत्त्वांनाही भवानी करायला काही उरले नाही.

ते कण्हेरीला म्हणाले, “थोड्या दुरड्या त्या बायांसाठी मागे ठेव.”

“शेटजी, घेनारा घेतुया, बोलत न्हाई. तुमी बोलता, घेत न्हाई,” कण्हेरी म्हणाली. आता भवानीची अडचण नव्हती, म्हणून तिने चारचौघींत ऐकवले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पावसाळा संपला आणि मणिगुप्त यायचा थांबला. बाजाराच्या दिवशी दुरड्यांचे ढीग ओढ्याकाठी तसेच राहिले. पुढच्या बाजारी तेच. तिसऱ्या बाजारी चिटपाखरू फिरकले नाही आणि दोन बायांनी नगरात जाण्यासाठी गाठोडी बांधली. तो दयाळू माणूस आजारी तर पडला नसेल, या काळजीने कण्हेरी नगराला निघाली. मणिगुप्ताचे घर तिला माहीत नव्हते. विचारायला ती आली ती बोधिसत्त्वांच्याच दारी. तिला किती जड गेले असेल, हे सांगायला नको. बोधिसत्त्व तसेच तिच्याबरोबर निघाले.

मणिगुप्त ठणठणीत होता. त्याने दोघांना प्रेमाने बसवून घेतले आणि म्हणाला, “माझा मुलगा दुखण्यातून उठला, तर एका गरीब गावाचा सगळा माल पावसाळाभर घेईन असा माझा नवस होता. तो फिटला. चला, दाखवतो.” मोठ्या कौतुकाने त्याने कोठाराचे दार उघडले.

आत पाऊल टाकताच कण्हेरीला वाटले, बाहेर पाऊस लागला. बारीक करकर ऐकू येत होती. बाहेर तर लख्ख ऊन होते. आवाज दुरड्यांतून येत होता. आढ्यापर्यंत दुरड्या रचलेल्या होत्या, त्यांतून पिवळा भुगा झरत होता आणि किडे वेळू पोखरत होते. गावाने पावसाळाभर विणलेली एकही दुरडी कोणाच्या घरात गेली नव्हती. एकाही बाईने त्यांत मूठभर धान्य भरले नव्हते.

कण्हेरीने पुढची एक दुरडी घेतली. ती नवी होती, धड दिसत होती, विणही तिच्याच हातची. कोठारातला तांदूळ तिने तीत ओतला आणि कमरेवर घेतली. बूड सुटले. तांदूळ तिच्या पायांवर सांडला. कोणी विचारत नव्हते, म्हणून कित्येक आठवडे तिने वेळू वाळवलाच नव्हता. ज्या हातांवर गाव उभे होते ते हात बिघडले होते आणि तिला ते कळलेसुद्धा नव्हते. हे सांगताना आजही अंगावर काटा येतो.

मणिगुप्ताचा चेहरा उतरला. तो घाईने म्हणाला, “मनाला लावून घेऊ नका, बाई. शेटजी, तुमचा तांडा दक्षिणेला निघालाय ना? यातल्या धड दिसतात त्या भरून न्या. तुम्हाला दिल्या, मला काही नको.”

आणि कण्हेरी, जिच्या पायांवर अजून तांदूळ होता, ती म्हणाली, “न्या, शेटजी. लांबचा मुलूख हाय. तिकडनं कोन येतंय इचारायला?”

बोधिसत्त्वांना धक्का बसला. मणिगुप्ताच्या बोलण्याचा नव्हे, तिच्या बोलण्याचा.

“माझ्या गाडीत यातली एकही चढणार नाही,” ते म्हणाले.

“मग आमच्या बाया उद्या दासी हून जातील. तुमच्या एका ‘न्हाई’पायी.”

“या दुरड्या गेल्या तर त्यांच्या लेकीही जातील, कण्हेरी. वेळुग्रामाचं नाव एकदा बुडालं, की त्या नावाची दुरडी कोणी हातात धरणार नाही. आणि लांबच्या मुलखातली बाईसुद्धा तीत पोरांसाठीच तांदूळ भरील ना? या मला मिळाल्या, त्या मी तुला देतो. यांचं काय करायचं ते तू ठरव.”

कण्हेरी रडली. मग तिने पदर खोचला आणि एकेक दुरडी अंगणात आणून टाकली. मणिगुप्ताच्या चुलीतला निखारा मागून घेतला आणि आपल्या हाताने ढीग पेटवला. रस्त्यावरचे लोक थांबले, बाई स्वतःचेच काम जाळते आहे हे पाहत राहिले. मणिगुप्त पायरीवर जाऊन बसला. आपल्या पुण्याचा असा शेवट होईल, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्या वर्षी बोधिसत्त्वांचा तांडा दक्षिणेला गेला नाही. वर्षाच्या मोठ्या नफ्यावर त्यांनी पाणी सोडले. त्यांच्या गाड्यांतून वेळुग्रामाला धान्य गेले, नवा वेळू तोडून पुरता वाळेपर्यंत पुरेल एवढे. बांधलेली गाठोडी सुटली. वेळू वाळला, दुरड्या झाल्या, आणि कण्हेरी स्वतः डोक्यावर ओझे घेऊन नदीपलीकडे दारोदार फिरली. बाया सुरुवातीला तिच्या तोंडावर दार लावीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या पुन्हा होडीत बसू लागल्या.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली तेव्हा श्रोत्यांत एक दानशूर गृहस्थ बसला होता. एका खेड्यातल्या विणकरांचे सगळे कापड आपण घेतो, हे त्याने नुकतेच अभिमानाने सांगितले होते. शास्ता त्याच्याकडे पाहून म्हणाले, “त्या जन्मीची कण्हेरी म्हणजे संघाची चीवरे, भिक्षूंची वस्त्रे, शिवणारी ही इथे बसलेली भिक्षुणी. खोड काढणारा व्यापारी मी होतो. आणि मणिगुप्त तूच होतास, उपासका. तुझे मन तेव्हाही स्वच्छ होते, आजही आहे. पण घेतलेल्या कापडातले एक तरी वस्त्र तू अंगावर घालून पाहिलेस का?”

आवडीचे माणूस दुखावेल हे ठाऊक असूनही त्याच्या हिताचे खरे बोलणे, आणि त्या बोलण्याचा भार त्याच्याबरोबर स्वतःही उचलणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, होय.