दोन हजार पाचशे एकविसावं रोप

फार पूर्वी डोंगरांनी वेढलेल्या एका लहानशा राज्यात एक राणी होती. एका पावसाळ्यात तिची धाकटी लेक दाट धुक्यात वाट चुकली. तेव्हा घराघरातून माणसं तिला शोधायला निघाली. हातातली कामं टाकून, चिखल तुडवत त्यांनी सारं रान पालथं घातलं आणि मुलीला सुखरूप घरी आणलं.

हे उपकार कसे फेडावेत, राणीला कळेना. शेवटी तिने दवंडी पिटवली. प्रत्येक घराने एक रोप द्यावं. महालामागे त्यांची बाग करीन, स्वतः पाणी घालीन आणि रोज सगळ्यांची आठवण काढीन. एकही घर वगळणार नाही, असा शब्द तिने दिला.

रोपं आली दोन हजार पाचशे वीस. राजगणिती खूश झाला. ही संख्या मोठी गुणाची, दोनापासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी उरत नाही; सारख्या रांगा हव्या तशा करता येतील, असं त्याने राणीला समजावलं. त्याप्रमाणे खड्डेही खणून झाले.

लागवडीच्या सकाळी घाटमाथ्यावरच्या शेवटच्या घरातली सगुणा धापा टाकत आली. दवंडी तिच्याकडे उशिरा पोचली होती. पदराखाली जांभळाचं रोप होतं.

गणिती पुन्हा हिशेबाला बसला. दोनाने भागलं, तिनाने भागलं, सातानेही. दरवेळी एक उरला. पुढच्या मोठ्या संख्या घेऊनही बाकी सुटेना.

"राणीसरकार, ही मूळ संख्या झाली," तो म्हणाला. "एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानेच भाग जात नाही. सारख्या रांगा होणार नाहीत."

एक रोप परत करावं, असं प्रधानाने सुचवलं. सगुणाही ओशाळली. आपण घाटात घसा बसेपर्यंत हाका मारत हिंडलो खरं, पण मुलगी भलत्याच बाजूला सापडली, आपला काहीच उपयोग झाला नाही, असं म्हणून ती रोप घेऊन वळली.

राणीने तिचा हात धरला. "हाका मारल्यास ना, बाई? माझ्या लेकीसाठीच मारल्यास." मग तिने गणित्याला विचारलं, "एकही मांडणी होत नाही?"

"एकच होते. सगळी झाडं एका ओळीत. पण एवढी लांब ओळ बागेत मावायची नाही."

"मग बाहेर लावू," राणी म्हणाली.

महालाच्या दारापासून घाटमाथ्यापर्यंत, रस्त्याच्या कडेने रोपं लागली. राणी आणि तिची लेक पाण्याची गाडी घेऊन त्या वाटेने जात. प्रत्येक झाडापाशी थांबून त्या घराचं नाव घेत.

काही वर्षांत तो उघडा, तापणारा रस्ता सावलीने झाकला. बाजारकरी, ओझेवाले, माहेरी निघालेल्या लेकी झाडांखाली टेकत आणि राणीला दुवा देत. राणी हात जोडून म्हणे, "हे तुमचंच आहे. महालामागे लावलं असतं, तर सावली मला एकटीलाच मिळाली असती."

तात्पर्य: आभार मानताना जो बाकी उरतो, त्याला वजा करू नये, त्याच्यासाठी मांडणी बदलावी.