फाटक सोडल्याचे हमीपत्र

विषय : नागरिकाने आपला मूलभूत हक्क सोडल्याचे लिहून दिल्यास तो सुटतो किंवा कसे.
संदर्भ : गिरजाबाई, टोपल्या विणणारी, हिचे हमीपत्र, डाव्या अंगठ्यासह.

एकदा एका वृद्ध अर्जलेखकाकडे त्याचा शिष्य मान खाली घालून आला. नगरपालिकेने नाल्याकाठच्या गिरजाबाईला झोपडीसाठी पत्रे दिले होते आणि बदल्यात हमीपत्र घेतले होते : नोटीस न देता झोपडी पाडली तरी तक्रार करणार नाही, न्यायालयात जाणार नाही. ते शिष्यानेच लिहिले होते. ‘स्वखुशीने’ हा शब्द तर त्याने पदरचा घातला होता, मसुद्याला वजन यावे म्हणून. आता गुरुवारी झोपडी पाडणार अशी कुजबुज होती. नोटीस अर्थातच नव्हती. “लेकरा, तूच लिहिलंस, आता तूच खोड,” असे गिरजाबाई त्याला सांगून गेली होती.

“गुरुजी, अंगठा तिचाच आहे. लिहून दिलेलं मागे कसं घ्यायचं?”

गुरुजींनी कोरा कागद पुढे सरकवला. “लिही. रेल्वे फाटकाचा माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे. गाडी येताना माझ्यासाठी फाटक उघडे ठेवावे. मेल्यास तक्रार करणार नाही.”

शेवटचे कलम शिष्याला अनावश्यक वाटले, पण त्याने लिहिले.

सही करून गुरुजी शिष्याला घेऊन तडक फाटकावर गेले. गाडीची वेळ झाली होती, फाटक बंद होते. फाटकवाल्याने कागद दोनदा वाचला.

“आजोबा, घरी भांडण झालंय का?”

“नाही. उघड.”

“अहो, तुम्ही काय लिहून देता! फाटक बंद ठेवायचा हुकूम मला आहे, तुम्हाला नाही. तुमच्या कागदावर उघडलं तर उद्या मीच घरी बसेन. सरका मागं!”

गाडी धडधडत निघून गेली.

“ऐकलंस?” गुरुजी म्हणाले. “वकिलाला यापेक्षा जास्त वेळ लागला असता. ऐकून घेतल्याशिवाय कुणाला हुसकावू नये, हे बंधन राज्यघटनेनं सरकारवर घातलंय. गिरजाबाईनं नव्हे. मग तिच्या अंगठ्यानं ते सुटेल कसं? आणि सुटत असतं, तर पत्र्यांसाठी एक हक्क, नळासाठी दुसरा, रेशनसाठी तिसरा लिहून घेतला असता. शेवटी हक्क उरले असते ते ज्यांना कशाचीच गरज नाही त्यांच्याकडे.”

शिष्याने विचारले, “म्हणजे झोपडी वाचेल?”

“हक्क शाबूत आहे, एवढंच मी म्हणालो. झोपडीसाठी अर्ज करावा लागेल.”

शिष्याने त्याच दुपारी अर्ज लिहिला. पदरचा एकही शब्द घातला नाही. बुधवारी अर्ज नगरपालिकेत दाखल झाला, पोचही मिळाली. गुरुवारी सकाळी झोपडी पाडली. पत्रे नगरपालिकेचे असल्याने ते काळजीपूर्वक काढून परत नेले. गिरजाबाई हल्ली बाजाराच्या ओट्यावर टोपल्या विणते आणि तिथेच झोपते. शिष्य दर सोमवारी चौकशीला जातो.

अर्ज विचाराधीन आहे.