देवमाशाचं खत

“मगे, आमच्या गावात तुमका काय कमी पडला, बुवानू?” सुकाणू धरून बसलेल्या दिगू तांडेलाने तिसऱ्यांदा विचारलं.

गंगारामबुवा होडीच्या टोकाला बसून समुद्र बघत होते. चातुर्मासाचे चार महिने दिगूच्या गावी आणि बाकीचे आठ महिने या बंदरातून त्या बंदरात, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. पुढच्या बंदराला पोचवायला होडी मात्र दिगूचीच. तो मान दुसऱ्या कुणाला मिळालेला त्याला खपत नसे.

यंदा त्याने बुवांसाठी चिऱ्याची खोली बांधली होती, वर नवी कौलं घातली होती. आणि बुवांना जाऊ देत नाही, अशी पैज गावात मारून बसला होता.

“गावच्या देवळाचो कळस मघाशी पाठीर होतो,” बुवा म्हणाले. “आता तोंडासमोर कसो इलो?”

“वारो फिरलो.”

“वारो फिरलो, की तांडेल?”

दिगूने मान खाली घातली…

तेवढ्यात शंभरेक हातांवर पाणी फुगलं. देवमाशाची काळी पाठ वर आली, उंच फवारा उडाला आणि पाठ पुन्हा बुडाली. मागे पाण्यावर तांबूस पट्टा पसरत गेला.

झालं, दिगूच्या अंगातला तांडेल जागा झाला. तांबूस पाणी म्हणजे खाली बांगडा, एवढंच त्याला ठाऊक. बुवा “अरे, थांब” म्हणेपर्यंत त्याने पाग फेकलासुद्धा.

जाळं वर आलं ते लालसर राड्याने माखून. मासळी औषधालाही नव्हती आणि वास असा, की जन्म दर्यावर काढलेल्या दिगूनेही नाक दाबलं.

“येवढो मोठो जीव,” तो चिडून म्हणाला, “आणि आमच्या दर्यात टाकून काय गेलो, तर हगवण.”

बुवा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“माडांका शेणखत घालतंस ना?”

“घालतंय. ता वेगळा.”

“कसला वेगळा? ह्या पाण्यात आता बारीक हिरवळ धरतली. ती खावक किडे येतले. किड्यांमागे तारली, तारलीमागे सुरमई…”

“आणि सुरमईमागे?”

“दिगू तांडेल.”

दिगूला हसू आलं, पण त्याने ते गिळलं.

“देवमासो खाता तरी खंय?”

“खोल. आणि लांब. थयला वर घेवन येता आणि वाटेत सांडत जाता.”

दिगूने त्या पट्ट्याकडे बघितलं.

“मगे तो हयसरच रवलो तर?” त्याने हळूच विचारलं. “आमच्या दर्यात बारा म्हयने खत पडात.”

बुवांनी तो घाण पाग पुढे ओढला आणि काठावरून वाकून स्वतःच धुवायला घेतला.

दिगूला ते बघवेना. त्याने बुवांचे हात धरले. पैज, गाव, सगळं तो क्षणात विसरला. त्याला एवढंच कळत होतं, की परत जाऊन ती रिकामी खोली बघायची त्याची छाती नाही.

“देवमाशाचा जावंदे,” तो म्हणाला. “तुमी रवा.”

बुवांनी ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

“एक देवमासो रवलेलो, झिला. गेल्या साली, आपल्या पुळणीर, वाळूत. पयल्या दिसा तू तेका हार घातलंस…”

दिगूने मान फिरवली.

“तिसऱ्या दिसा वास सुटलो, तेवा फावडा घेवन पयलो कोण धावलो?”