भोयाची लेक आणि पायऱ्यांचा शाप

एका राज्यात माणसाला नाव विचारण्याआधी पायरी विचारत.

राजवाड्यापुढे काळ्या दगडाचा उंचच उंच जिना होता. त्याच्या माथ्यावर राजा वीरकेतूचे सिंहासन, आणि तिथून उतरत उतरत जिना थेट बाजारपेठेत येऊन टेकलेला. वर्षातून एकदा, सभेच्या दिवशी, सगळी प्रजा त्या जिन्यावर उभी राही. कोणी कुठे उभे राहायचे हे राजाने कधी ठरवून दिले नव्हते. रीत एवढीच, की माणसाने खाली पाहावे, आपल्याहून हलके कोण आहे ते शोधावे आणि त्याच्या वरच्या पायरीवर उभे राहावे. विणकर म्हणे, मी कुंभाराच्या वर. कुंभार म्हणे, मी भोयाच्या वर. भोई म्हणे, मी पालखी वाहतो, मोळीविकी मोळी वाहते. पालखी मोळीहून वर. आणि मोळीविकी म्हणे, मी निदान लाकूड तोडते, लोकांसारख्या वाळक्या काटक्या वेचत नाही. गंमत अशी, की कोणालाही विचारले, तर तो सांगे, "आम्ही आपले मधले." राजासुद्धा तेच सांगे, कारण डोंगरापलीकडे एक सम्राट राहत होता.

एका सभेच्या दिवशी काळी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा जिन्यावर आला. त्याने नगरशेठीण मदालसाबाईंना विचारले, "बाई, इथे टेकू का?" त्या म्हणाल्या, "खाली." विणकर म्हणाला, "खाली." कुंभार म्हणाला, "खाली." उतरत उतरत तो मोळीविकी कोंडाईजवळ आला. तीही म्हणाली, "खाली हो बाबा, खाली."

म्हातारा रस्त्यावर उतरला. तो होता मांत्रिक कृष्णकंबळ. त्याने घोंगडी झटकली आणि म्हटले, "तुमच्या पायऱ्या तुम्हाला एवढ्या प्रिय ना? मग राहा तिथेच. खाली न पाहता जो आपली पायरी सांगेल, तोच तुम्हाला सोडवेल."

एवढे बोलून तो गेला. लोकांनी पाय उचलू पाहिले, तर पाय दगडाचे झाले होते. दुसऱ्या दिवशी दगड गुडघ्यापर्यंत चढला. ज्यांना अजून पायरी नव्हती अशी लहान मुलेच तेवढी मोकळी राहिली. तीच मोठ्यांच्या तोंडात पाणी घालू लागली.

सटवाजी भोयाची लेक तुळसा त्याच सुमारास दूरच्या गुरुकुलातून शिकून परतली. गुरुकुलात तिला वृंदा म्हणत. तिथे तिला चार भाषा आल्या, ताऱ्यांचे गणित आले, आणि सगळी माणसे समान आहेत हेही तिने तिथेच पाठ केले. वाटेत तिने मनाशी एक भाषण रचले होते. राजासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, हा जिना फोडा. भाषण फार सुंदर होते. ती जिन्यापाशी आली, कंबरेपर्यंत दगड झालेला बाप तिने पाहिला आणि भाषण विसरली.

"आबा!"

"आलीस व्हय गं तुळसे?" सटवाजी म्हणाला. "वाळलीस. तिथं जेवायला घालत न्हाईत का?"

"आबा, हे काय झालं?"

"काय व्हायचंय? पायरी आवडत होती, आता सोडंना." तो हसायला गेला, पण दगडाने त्याला पुरते हसू दिले नाही.

ती त्याच पावली कृष्णकंबळाच्या शोधात निघाली. माळरानावर तिला एक टिटवी दिसली. ती उताणी पडून दोन्ही पाय आभाळाकडे करून होती.

"टिटवीताई, अशी का निजलीस?"

"निजले नाही. आभाळ तोललंय," टिटवी म्हणाली. "आम्ही आभाळ तोलणाऱ्यांच्या कुळातल्या. कावळे नुसते उडतात. तू कोणाची?"

"मी भोयाची लेक. कृष्णकंबळाला भेटायचंय."

"कातळवनात राहतो. पण वाटेतली झाडं विचारतात, आणि खोटं बोललेलं त्यांना चालत नाही. जा आता, माझं काम खोळंबतंय."

कातळवनाच्या तोंडाशी एक थोरला वड आडवा आला. त्याने विचारले, "तुझी पायरी कोणती?"

"मी विदुषी," तुळसा म्हणाली. वडाने पारंब्या आवळल्या आणि वाट बुजली.

तिने पुन्हा सांगितले, "मी भोयाची लेक."

वड खोखो हसला. "खांदा दाखव. भोयाच्या खांद्याला घट्टा असतो. तुझा तर लोण्यासारखा मऊ." राहिलेली फटही बुजली.

तुळसा मटकन खाली बसली. गुरुकुलात ती भोयाची पोर होती आणि इथे येताच विदुषी झाली. तिथे तिच्या बोलण्याला हसत, आता जिन्यापाशी गावातली मुले तिच्या बोलण्याला हसली होती. खूप वेळाने ती म्हणाली, "वडोबा, मला माहीत नाही."

पारंब्या पडद्यासारख्या बाजूला झाल्या. "आजवर या वाटेनं आलेल्यांत हे खरं बोलणारी तू पहिली," वड म्हणाला. "जा."

गुहेच्या दाराशी कृष्णकंबळ चूल फुंकत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "वडापुढे खरं बोललीस, एक काम झालं. शाप सोडवायला अजून दोन राहिली. आत एक ढीग आहे. त्यातलं जे तू एकटीनं मिळवलंस, तेवढं घेऊन ये. दुसऱ्याची वस्तू बाहेर आणलीस, तर तिच्यासारखी तूही ढिगात जाशील."

गुहेत झगमगाट होता. तुळसेला जे जे आयुष्यात मिळाले, ते सगळे तिथे रत्ने होऊन पडले होते. तिने अक्षरांचा माणिक उचलला. माणिक बोलला, "मी गुरुमाउलींचा. तुझी बोटं धरून त्यांनी गिरवून घेतलं." ताऱ्यांच्या गणिताचा हिरा बोलला, "तू झोपायचीस तेव्हा तुझी मैत्रीण शेकोटी राखायची. मी तिचा." तिने एक लहानसा मोती उचलला. तो होता तिचा धीर. हा तरी माझाच, असे तिला वाटले. मोती बोलला, "अंधारात बापानं पुढे होऊन हाक दिली, 'ये, इथं काही न्हाई.' मी तेव्हाचा." तुळसा रत्ने उचलत गेली आणि ठेवत गेली. आधी तिला लाज वाटली. मग वाटेनाशी झाली. मग तिला असे वाटू लागले, की आपण एका मोठ्या घरात फिरतो आहोत आणि प्रत्येक खोलीत कोणीतरी आपली वाट पाहत बसले आहे. ती रडत बाहेर आली, पण रडणे दुःखाचे नव्हते.

"रिकाम्या हातानं?" कृष्णकंबळाने विचारले.

"हो, महाराज. माझं एकटीचं तिथे काही नाही."

"बरं आहे. आता तिसरं काम. शाप सुटायचा तर मी जिन्यापाशी हवा. पण त्या गावात पाय टाकणार नाही अशी माझी शपथ आहे. मला पाठीवर घे. मात्र ऐक, वाहणारा स्वतःला माझ्याहून जितका वर समजेल, तितका मी जड होईन."

तुळसा मनात म्हणाली, एवढेच ना? मी तर कोणालाच खाली समजत नाही. तिने वाकून म्हाताऱ्याला पाठीवर घेतले. चार पावले टाकली आणि तिचे गुडघे टेकले. डोंगर पाठीवर पडला होता.

"का गं?" मांत्रिक म्हणाला. "सगळी माणसं समान ना?"

"मी... मी तुम्हाला हीन मानत नाही."

"नाही मानत. तू माझा उद्धार करते आहेस. सगळ्या गावाचा करते आहेस. उद्धार करणारा कुठे उभा असतो गं? खाली?"

ही पायरी तुळसेला आजवर दिसलीच नव्हती, कारण ती तिच्याच पायाखाली होती. तिने दात आवळून आणखी काही पावले ओढली. पाठ वाकून नजर मातीला लागली. पुढे दरड होती का ओढा, काही दिसेना. तेव्हा तिला भोयांची रीत आठवली. पालखीच्या मागच्या भोयांना वाट दिसत नाही. पुढचा भोई वाट बोलत जातो, "डावीकडं धोंडा!" आणि मागचा म्हणतो, "धोंडा, हो!" पुढचा म्हणतो, "पुढं उतार!" मागचा म्हणतो, "उतार, हो!" मागच्याचा जीव पुढच्याच्या बोलण्यावर चालतो, आणि पुढच्याचा मागच्याच्या खांद्यावर.

"आजोबा," ती म्हणाली, "मला वाट दिसत नाही. तुमच्यावाचून मी कुठेतरी कोसळेन. तुम्ही बघा आणि बोला."

म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावरून पुढे पाहिले. मग कापऱ्या आवाजात म्हणाला, "उजवीकडे खड्डा."

"खड्डा, हो!"

"पुढे पाणी, घोटाभर."

"पाणी, हो!"

आणि डोंगर हलका होत गेला. माळावर येईपर्यंत तिच्या पाठीवर फक्त एक म्हातारा माणूस उरला. भुकेला, हाडांचा, घोंगडीला धुराचा वास येणारा.

ते जिन्यापाशी पोचले, तेव्हा दगड लोकांच्या छातीवर चढला होता. सटवाजीच्या तर गळ्याला लागला होता.

"सांग," पाठीवरून कृष्णकंबळ म्हणाला. "तुझी पायरी कोणती?"

सवयीने तिची मान खाली झुकू लागली. तिने ती सावरली आणि समोरच्या माणसांकडे पाहिले.

"मी यांच्यामुळे आहे. माझी पायरी सांगायची, तर नावं घ्यावी लागतील," ती म्हणाली. "विणकरदादा, परमुलखातल्या पहिल्या थंडीत मी तुमच्या चादरीत झोपले. आई नव्हती, चादर होती."

कड् असा आवाज झाला आणि विणकराच्या अंगावरचा दगड तडकला.

"कुंभारकाका, तुमच्या पणतीच्या उजेडात मी वाचायला शिकले. महाराज, तुमच्या रस्त्यांवर मला चोर भेटला नाही." कड्, कड्. राजा सिंहासनावर संकोचून बसला. त्याचे आभार आजवर कोणी मानले नव्हते. नुसते मुजरे केले होते.

मग मदालसाबाईंची पाळी आली. तुळसा थांबली. तिने खूप शोधले. या बाईंनी तिला लहानपणी अंगणातून हाकलले होते, एवढेच आठवत होते.

"बाई," ती प्रामाणिकपणे म्हणाली, "तुमचं माझ्याकडे काही नाही. शोधलं, सापडलं नाही."

दगड मदालसाबाईंच्या हनुवटीला लागला. तेवढ्यात तळातून मोळीविकी कोंडाई ओरडली, "माझ्याकडं हाय! नातू तापानं फणफणला, तवा हिनं औषध धाडलं. मागच्या दारानं धाडलं, पर धाडलं!"

"कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं ना गं तुला!" मदालसाबाई किंचाळल्या, आणि त्याच क्षणी त्यांचा दगड गळून पडला. त्या लाजेने लाल झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझी मोळी आली नसती, तर माझी चूल त्या पावसाळ्यात पेटली नसती."

मग कोणाला थांबवायचे? कुंभार विणकराकडे वळला, विणकर न्हाव्याकडे, राजा आपल्या आचाऱ्याकडे. जो तो दुसऱ्याला सांगू लागला, तुझ्यामुळे, अरे तुझ्यामुळे. दगड असे तडकू लागले, जशा कढईत लाह्या फुटाव्यात.

सटवाजी मात्र तसाच उभा होता. दगड त्याच्या ओठांखाली आला होता. तुळसा धावली. "आबा, तुमचं कुठून सुरू करू? मला सुरुवातच सापडत नाही."

"माझं ऱ्हाऊ दे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला बोलू दे. येळ कमी हाय." त्याने मोठ्या कष्टाने नजर खालच्या पायरीकडे वळवली. "कोंडाई, हयातभर तुझ्या डोक्यावर उभा ऱ्हायलो. पोरीला डोलीत घालून गुरुकुलात निघालो, आन् शिवेवरच दांडा मोडला. तू मोळी टाकून रानात गेलीस आन् कवळा न्हाई, जुना, चिवट बांबू आणलास. लेक शिकली ती त्या बांबूवर. ही गोष्ट मी कुणाला सांगितली न्हाई. सांगितली असती, तर पायरी गेली असती."

कोंडाई म्हणाली, "येवढंच? त्यो बांबू मी इसरले बी व्हते, सटवाजीदादा."

"मी न्हाई इसरलो."

दगड एकदम उतरला, जसा ओला अंगरखा उतरावा. सटवाजीने पाय उचलला, पाहिला, खाली ठेवला. मग एक पायरी उतरून तो कोंडाईशेजारी उभा राहिला.

कृष्णकंबळ तुळसेच्या पाठीवरून उतरला. गावात पाय टाकणार नाही ही शपथ त्याला आठवली, तोवर पाय टेकलेले होते. सटवाजी त्याला म्हणाला, "बसा महाराज, उभे का?" पोरांनी भाकरी आणि ठेचा आणला. म्हातारा पहिल्या घासाला रडला, दुसऱ्या घासाला म्हणाला, "ठेचा तिखट आहे."

राज्य पूर्ववत झाले. चाके फिरली, चुली पेटल्या. जिना कोणी फोडला नाही. दगड चांगला होता, आणि बसायला गार. लोक त्यावर जिथे जागा मिळेल तिथे बसू लागले. सभेच्या दिवशी मात्र नवी रीत पडली. माणसाने आपले नाव सांगावे आणि ज्याच्यामुळे आपण आहोत त्याचे नाव सांगावे. पुढे पुढे कोण जास्त नावे सांगतो यावर लोकांत चढाओढ लागली, हेही खरे. मदालसाबाईंची यादी दुपारपर्यंत संपत नसे. पण या चढाओढीत कोणाचा पाय दगड झाल्याचे ऐकिवात नाही.

तुळसेला कोणी वृंदा म्हणे, कोणी तुळसा. ती दोन्ही हाकांना ओ देई.

जसे त्यांचे पाय मोकळे झाले, तसे तुमचेआमचे होवोत. ही कथा मला ज्यांनी दिली त्यांचे भले होवो, आणि तुम्हाला ज्यांनी वाढवले त्यांचे त्याहून भले होवो.