देवाची वीत

एका राज्यात वेळूचे एक बेट होते, आणि त्या बेटात काळजंघ नावाचा मायावी राहत होता. राजाने उत्सवाच्या मांडवासाठी ते बेट तोडले. विचारले नाही. मांडवात राणीसह सात जणी गाणी म्हणत होत्या. काळजंघ आला, त्याने मूठभर कण्या फेकल्या, आणि सातही जणींच्या कोंबड्या झाल्या.

जाताना तो म्हणाला, "तीन दिवस सलग, उगवतीपासून मावळतीपर्यंत, उघड्या मातीत ऊन अंगावर घेऊन चरल्या, तर पुन्हा बायका होतील. पण मी रूपे बदलून येत राहीन. मेली ती मेली. आणि वर्ष सरले की त्या माणूसपण विसरतील."

राजाने भालदारांचे कडे उभे केले. पहिल्याच सकाळी घार आली आणि भाल्यांच्या वरून एक कोंबडी उचलून घेऊन गेली. ती सेनापतीची सून होती. मग उरलेल्या सहा जणींना राजाने दगडी खुराड्यात कोंडले. तिथे त्या जगत होत्या, एवढेच.

साळू ही बुरडाची लेक. ती बोले कमी, विणी जास्त. तिची थोरली बहीण मंजुळा त्या सहा जणींत होती. साळू रोज दाणे घेऊन जाई आणि नावाने हाक मारी. मग मानेवर पांढरे पीस असलेली कोंबडी मान तिरकी करून तिच्याकडे बघे. अकराव्या महिन्यात तिने बघणे सोडले. ती नुसते दाणे टिपू लागली.

त्याच दिवशी साळू राजापुढे उभी राहिली. "महाराज, मला त्यांच्यासाठी अंगण बांधू द्या."

"तुझ्यापाशी शस्त्र कोणते?"

तिने कोयती दाखवली. राजा हसला नाही. त्याच्यापाशी दुसरे काही उरले नव्हते.

साळू अंगणाची जागा बघायला माळावर गेली, तिथे एका दगडापाशी टिटवी बसली होती. ती ओरडली की घरातले कोणीतरी जाते असे लोक म्हणत, म्हणून तिचे कोणी ऐकत नसे. ती म्हणाली, "मी उघड्या मातीत अंडी घालते. मला विचार. मरण वरून येते, खालून येते, बाजूने येते. आणि तुम्ही शहाणे समोर भाले धरता."

साळूने ऐकले. वरच्यासाठी तिने वाखाची दोरी वळून जाळी विणली. तिच्यातून ऊन येई, पंजा येत नसे. खालच्यासाठी कुंपणाच्या बाहेर दोन हात रुंदीचे चपटे दगड आडवे पुरले. खणणारे जनावर कुंपणाच्या पायाशीच खणते, मागे सरकून सुरुवात करणे त्याला सुचत नाही, हे टिटवीनेच सांगितले. बाजूंसाठी तिने मांडवाचेच वेळू फोडले आणि कामट्या इतक्या दाट विणल्या, की त्यांतून करंगळी जाऊ नये.

शेवटची वीत राहिली, आणि साळूचे हात थांबले.

त्या राज्यात कोणतेही कुंपण पुरे मिटवत नसत. उगवतीच्या बाजूला जमिनीलगत एक वीत मोकळी सोडत. ती देवाची वाट. देऊळ सांभाळणारा धुळबा गुरव मुद्दाम बघायला आला. त्याची पोर, केवडा, त्या सहा जणींत होती. ती वाट मिटली तर आतले सारे सुकते, असे त्याने बजावले.

टिटवी म्हणाली, "देवाला वाट लागत नाही. मुंगसाला लागते."

साळूने जन्मभर जे केले होते तेच केले. वीत सोडली.

पहिल्या दिवशी घार आली, जाळीत पंजे गुंतवून तडफडली आणि निघून गेली. मग कोल्हा आला. दगडांवर त्याच्या नखांतून रक्त निघाले. सांजेला सहाही कोंबड्या खुराड्यात परतल्या. लोक साळूला आशीर्वाद देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी देवाच्या वाटेने मुंगूस आले. साळू दार उघडून धावली तोवर ते केवडाला घेऊन आल्या वाटेने गेले होते. धुळबाने पिसे गोळा केली. एकेक पीस तो उपरण्यात ठेवत होता. तो साळूला एवढेच म्हणाला, "मिटव पोरी ती वाट. मीच सांगतो."

मावळतीपर्यंत ती वाटेपाशी राखणीला बसली, मग तिने ती मिटवली. घटकाभरात पाचही कोंबड्या सुकून, माना टाकून बसल्या. म्हणजे धुळबा खोटे बोलला नव्हता, आणि टिटवीही.

तिसऱ्या दिवशी उगवतीला साळूने तिथल्या कामट्या कापल्या. मग ती आत बसली. वीत हातानेच मोजतात. तिने डावा पंजा फाकून त्या वाटेत घातला. वाट मोकळी होती आणि भरलेलीही होती. कोंबड्या उठून चरू लागल्या.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा मुंगूस आले. ते काळजंघाच्या आवाजात म्हणाले, "हात काढ."

"नाही."

त्याने करंगळी घेतली. साळूने दातांत पदर धरला.

ऊन कलले. "तुझी बहीण तुला देतो," तो म्हणाला. "उरलेल्या चौघी मला दे. त्या तुझ्या कोण?"

साळूने मागे पाहिले. पांढऱ्या पिसाची कोंबडी माती उकरत होती, तिला कशाची खबर नव्हती. साळूने पंजा मातीत आणखी रोवला. मग म्हणाली, "हे अंगण मी एकीपुरते विणले नाही."

त्याने दुसरे बोट घेतले. तिने हात हलवला नाही.

सूर्य मावळला. तिच्या पाठीमागे कोणीतरी खोकले, आणि मंजुळेच्या आवाजाने विचारले, "साळे, अशी मातीत का बसलीस ग?"

शाप फिरून काळजंघावर गेला. मुंगूस मुंगूसच राहिले. त्याची वाचा गेली, आणि ते तोडलेल्या बेटाच्या बुंध्यांत शिरले. राजाने तिथे स्वतःच्या हातांनी वेळू लावले. राणी परतली, तरी त्या वर्षी उत्सव झाला नाही. सेनापतीच्या घरी आणि गुरवाच्या घरी दोन पाट रिकामे होते. टिटवीला मात्र त्या माळावरून कोणी हाकलत नाही.

कुंपण विणायला लोक आजही साळूलाच बोलावतात. देवाची वाट ती आपल्याच डाव्या हाताने मोजते, आणि त्या हाताला तीन बोटे आहेत. तेवढ्या वाटेतून देव येतो. मुंगूस येत नाही.

त्या राज्यात आता तेवढीच वीत धरतात. माळावरची गोष्ट माळावर निजली.