ऐकणारीची बोलायची पाळी

एका गावाबाहेरच्या आश्रमात एक वृद्धा राहत असे. सगळे तिला माई म्हणत. झोप उडालेली, जगण्याला विटलेली माणसं मन मोकळं करायला तिच्याकडे येत. माई थकली, तसं ते काम तिच्या शिष्येकडे आलं. शिष्या घोंगडीवर बसायची, समोर चटईवर दुःखी माणूस. सकाळी लागलेली रांग दिवेलागणीपर्यंत हटत नसे. आश्रमाला धान्य पुरवणारा व्यापारी ती रांग बघून फुगायचा. म्हणायचा, "केवढं पुण्यकार्य चाललंय!" त्याचं काय जात होतं? त्याला थोडंच ऐकावं लागत होतं!

एका दुपारी चटईवर एक बाई येऊन बसली. "ताई, माझा मुलगा काल हसला हो! वर्षभरानं हसला!"

शिष्येनं मान डोलावली. "धीर धरा बाई. सगळं ठीक होईल."

बाईचं तोंड एवढंसं झालं. "अहो, हसला म्हणतेय मी!" आणि ती उठून चालती झाली.

शिष्या भानावर आली. बाईचे शब्द कानावर पडले होते, आत पोचलेच नव्हते. सकाळपासून आणखी किती जणांना आपण असंच वाटेला लावलं, तेही तिला आठवेना. ती माईपुढे जाऊन रडू लागली. "मला जाऊ द्या. माझ्यातली माया आटली. मी या कामाची राहिले नाही."

माई उठली. तिनं रांगेच्या तोंडावर दार लावलं, शिष्येला चटईवर बसवलं आणि स्वतः घोंगडीवर बसली.

बाहेरून व्यापारी ओरडला, "माई, माणसं खोळंबलीत!"

"खोळंबू देत. आतही माणूसच बसलंय."

शिष्या चिडली. "मी काय आजारी आहे?"

"मी कुठं तसं म्हटलं? बोल तू."

शिष्या बोलू लागली ती थांबेना. कुणाचं गेलेलं लेकरू, कुणाचा मारकुटा नवरा, सगळं तिच्यात साचलं होतं. माईनं मध्ये एक शब्द काढला नाही. शेवटी म्हणाली, "माया आटली असती, तर त्या बाईपायी रडली नसतीस, पोरी. ऐकणं हेही अंगमेहनतीचंच काम. हमालाचे गुडघे वाकले की आपण पुढचं पोतं देत नाही. तुझे वाकलेले मला दिसले नाहीत. रांग मी वाढू दिली. चूक माझी आहे, तुझी नाही."

माईनं दार उघडलं. "शेठ, धान्य पुरे झालं. आता ऐकणारी आणखी दोन माणसं पगारावर ठेवा. तोवर हिच्यापुढे रांग अर्धीच."

"आणि उरलेल्यांनी काय करायचं?"

"मी अजून मेले नाही. ऐकेन जमेल तेवढं. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही बसा घोंगडीवर!"

व्यापारी दोन पावलं मागं सरला. "नको, नको. बघतो माणसं."

शिष्येनं डोळे पुसले. "उद्या बसेन, माई. पण दुपारपर्यंतच. आणि माझं साचलं की तुम्ही ऐकायचं."

माई हसली. "आता शिकलीस."

लोकांची मनं सावरणाऱ्यांना सेवाभाव शिकवण्याआधी त्यांच्या दारासमोरची रांग बघून या.