कडू भाकरीची इर्जिक

खूप जुन्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा वाटा बैलांच्या पायांनी पडत आणि गावं त्या वाटांच्या कडेनं वसत. अशाच एका वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाचं नाव मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लहानांनी नीट ऐकावं आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं दाखवत का होईना, पण ऐकावं, एवढंच माझं मागणं.

त्या गावातल्या नांगरकऱ्यांचा एक भाऊपणा होता. जो कुणी बैलांच्या जुवावर हात ठेवून 'तुझं शेत ते माझं शेत' असं म्हणे, तो जोतभाऊ होई. मग तो कुठल्या आळीचा, कुणाचा कोण, हे कुणी विचारत नसे. जोतभाऊ गावची विहीर उपसत. ओढ्यानं वाहून नेलेली वाट पुन्हा बांधत. आजाऱ्याला डोलीत घालून वैद्याच्या गावी पोचवत. कुणाचं छप्पर उडालं तर दिवस मावळायच्या आत शाकारून देत. खरोखर चांगली माणसं होती ती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांना जरा बोलणार आहे.

त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे इर्जिक. कुणाचा बैल मेला, कुणाचा हात मोडला, कुणाच्या घरी नांगर धरायला माणूस उरला नाही, की सगळे जोतभाऊ आपापले बैल घेऊन त्याच्या शेतावर जात. पुढे हलगी वाजे. मागे नांगरांची रांग लागे. संध्याकाळपर्यंत सगळं रान नांगरून होई. याचा मोबदला कुणी घेत नसे. ज्याचं शेत त्यानं दुपारी आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच रिवाज होता.

आता जेवणाचा विषय निघाला की आपली माणसं कशी वागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पणज्यांच्या काळी इर्जिकीला गूळपाणी आणि भाकरी असे. मग कुणीतरी हौसेनं आमटी केली. पुढच्यानं आमटीबरोबर गूळतूप वाढलं. त्याच्या पुढच्यानं आमटीत तेलाची तर्री आणली. नांगरट कशी झाली ते लोक विसरून जात, पण कुणाच्या इर्जिकीला आमटी पातळ होती हे त्याच्या नातवाच्या लग्नातही निघे. जोतभाऊ स्वतः काही मागत नव्हते बरं का. समोर येईल ते खात आणि ताटाला कधी नावं ठेवत नसत. उलट, इर्जिकीच्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत असा त्यांचा नेमच होता.

त्या गावात येसू नावाचा एक जोतभाऊ राहत होता. घरात म्हातारी आई ठकूबाई आणि बायको तुळसा. एकदा करवंदीच्या जाळीत अडकलेली शेळी काढायला गेला आणि कड्यावरून घसरून त्यानं पाय मोडून घेतला. शेळी धडपणे घरी आली. येसूला मात्र चौघांनी उचलून आणलं. वैद्यानं पाय कळकाच्या कामट्यांत बांधला आणि पेरणीपर्यंत खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं.

जोतभावांचा म्होरक्या होता दौलतनाना. तो दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाला.

"येसू, काळजी करू नकोस," नाना म्हणाला. "परवा तुझ्या शेतात इर्जिक."

येसूचे डोळे भरून आले. तुळसा मात्र दाराआडून म्हणाली, "नाना, यंदा राहू द्या. आम्ही दोघी कुदळीनं जमेल तेवढं खणून घेऊ."

नाना हसला. माणूस मदत घ्यायला लाजतोच, तेव्हा मदत करणाऱ्यानं तिकडे कान देऊ नये, असं त्याचं पक्कं मत होतं. "पोरी, यात लाजायचं काय?" म्हणाला आणि हलगीवाल्याला सांगायला निघून गेला.

तुळसा लाजत नव्हती. घरात थोड्या हुलग्यांशिवाय धान्य नव्हतं. ती लोकांच्या बांधावर खुरपणीला जाई, त्यातून मिळणाऱ्या नाचणीची आंबील तिघांना कशीबशी पुरत होती. जोंधळा होता, पण तो फक्त एका रांजणात, आणि तो बियाण्याचा होता. तुळसानंच तो कडुनिंबाचा वाळला पाला घालून, तोंड शेणानं लिंपून ठेवला होता. तो पेरला तर पुढचं वर्ष होतं. नाही पेरला तर काय, याचा विचार ती करत नव्हती.

"रांजण फोड," ठकूबाई म्हणाली.

"आत्याबाई, ते बी आहे."

"मला दिसत नाही होय? पण दारात आलेली माणसं उपाशी गेली तर गावात तोंड कसं दाखवायचं? बी मागून आणता येतं. गेलेली अब्रू मागून येत नाही."

"मागायला जायचं कुणाच्या दारात?" तुळसानं विचारलं. "ज्यांना ते खाऊ घातलं, त्यांच्याच ना?"

म्हातारी जात्यापाशी गेली, जात्यावरचं फडकं उचललं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दळ बाई."

तुळसानं रांजणाचं तोंड फोडलं. दुपारच्या पंगतीला लागेल एवढा जोंधळा तिनं सुपासुपानं काढून घेतला. संध्याकाळच्या पंगतीचा तसाच आत राहू दिला. तो इर्जिकीच्या दिवशी दुपारी दळायचा होता. शेजारच्या बायका मदतीला आल्या तर तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. बियाणं दळताना कुणी बघू नये असं तिला वाटत होतं. एकटीनंच पाखडलं, एकटीनंच दळलं. अंगातलं बळ हातांत होतं, पण लक्ष कशातच नव्हतं. त्यामुळे पाखडणं धड झालं नाही आणि कडुनिंबाचा चुरा पिठात गेला.

इर्जिकीच्या दिवशी हलगी वाजत आली. बैलांच्या शिंगांना गोंडे होते. येसूची खाट बांधावर आंब्याखाली आणून ठेवली होती. आपलं रान उलटं होताना बघून तो लहान मुलासारखा हसत होता. भलरीच्या गाण्याचे सूर डोंगरापर्यंत जात होते. अर्धं शेत झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं आणि नांगर थांबले.

पंगत बसली. तुळसानं भाकऱ्या वाढल्या, ठकूबाईनं हुलग्याची आमटी. सगळ्यांनी पहिला घास घेतला.

भाकरी कडू होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली जिभेला चिकटून राहील अशी कडू. पण नावं ठेवायची नाहीत हा नेम. एकानं घास गिळून तांब्याभर पाणी प्यायलं. दुसऱ्याला वाटलं, आपल्यालाच पित्त झालंय. तिसरा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आमटी झकास झालीय हो वहिनी," आणि नुसतीच आमटी भुरकू लागला. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या तोंडाकडे चोरून बघत होता आणि शेजारी आपला मुकाट चावत होता.

दौलतनानानं मात्र भाकरी मोडून उजेडात धरली. पिठात हिरवट काळे ठिपके होते. त्यानं वास घेतला.

कडुनिंब कुठल्या जोंधळ्यात घालतात, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. खायच्या धान्याला कोण एवढं जपतं?

"हात थांबवा," नाना म्हणाला.

पंगत थबकली. ठकूबाईचा चेहरा उतरला. ती घाईघाईनं म्हणाली, "भाकरी करपली का हो, नाना? सून अजून शिकतेय. मी दुसऱ्या थापून आणते."

"भाकरी चांगली आहे, वहिनी. खाणारे चुकले." नाना तुळसाकडे वळला. "पोरी, खरं सांग. रांजणात काही उरलंय का?"

तुळसानं भाकऱ्यांची पाटी खाली ठेवली. "निम्मं आहे, नाना. संध्याकाळच्या पंगतीला ठेवलंय. आता दळायलाच बसणार होते."

आमटीची तारीफ करणाऱ्यानं वाटी खाली ठेवली. खाटेवर येसू भिंतीकडे वळावं तसा आंब्याच्या खोडाकडे वळला, कारण हे त्यालाही माहीत नव्हतं. सासूसुनांनी त्याला सांगितलंच नव्हतं.

त्याच पंगतीत गोविंदा नावाचा एक म्हातारा जोतभाऊ बसला होता. त्याचे बैल साथीत गेले तेव्हा जोतभावांनी त्याच्याही शेतात इर्जिक घातली होती. पण नांगरलेलं रान त्यानं पेरलंच नाही, वर्षभर ते तसंच उघडं पडलं. तेव्हा याच नानानं चारचौघांत म्हटलं होतं की आळशाला नांगरून देण्यात काही अर्थ नाही. म्हातारा मान खाली घालून घरी निघून गेला होता.

नानाला आता ते आठवलं. त्यानं अडखळत विचारलं, "गोविंदकाका, तुमच्याकडंही असंच झालं होतं का हो?"

म्हातारा ताटाकडे बघत म्हणाला, "आमची भाकरी कडू लागली नव्हती, नाना. आम्ही नीट पाखडून घेतलं होतं."

नाना मोठा धिप्पाड माणूस. पण त्या एका वाक्यानं तो पंगतीतच बसल्या जागी लहान झाला. त्यानं म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. त्याला त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि मला विचाराल तर तसं वाटायलाच हवं होतं.

मग नाना उठून उभा राहिला. "पोटात गेलं ते काही परत येत नाही," तो म्हणाला. "पण रांजणात आहे ते वाचलं. पाटीतल्या भाकऱ्या घरात न्या, येसूला दूध घालून द्या. आणि आज जात्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी आम्ही आपापल्या घरी जेवू."

"म्हणजे आमच्या दारातून तुम्ही उपाशी जाणार?" ठकूबाईनं विचारलं.

"वहिनी, आज आम्ही उपाशी गेलो तर रात्री घरी जाऊन खाऊ. आज इथं जेवलो तर पुढच्या वर्षी तुम्ही काय खाल?"

हे ऐकलं आणि तुळसानं तोंडाला पदर लावला. रांजण फोडल्यापासून ती रडली नव्हती, ते सगळं आता बाहेर आलं. ठकूबाई सुनेच्या पाठीवरून हात फिरवू लागली आणि फिरवता फिरवता स्वतःच रडू लागली. "मलाही घास गोड लागत नव्हता गं," म्हातारी म्हणाली. "पण बोलणार कुणाला?" छातीवरचा धोंडा उतरला की माणूस हसतो आणि रडतो ते एकाच वेळी. त्या दोघींचं तसंच झालं. खाटेवर येसूही डोळे पुसत होता आणि बायकोला म्हणत होता, "मला एका शब्दानं सांगायचंस की."

उरलेलं अर्धं शेत जोतभावांनी अर्ध्यापोटी नांगरलं. भलरीचा सूर थोडा खाली आला होता, पण नांगराचे तास सकाळपेक्षा खोल गेले होते.

पेरणीच्या दिवशी सगळे जोतभाऊ पुन्हा आले. या वेळी हलगी नव्हती. प्रत्येकाच्या धोतराच्या सोग्यात आपल्या घरच्या बियाण्याची एक ओंजळ बांधलेली होती, आणि कमरेला आपली भाकरी. गोविंदकाकांच्या रानातही त्यांनी तशाच ओंजळी नेऊन पेरल्या. म्हातारा "राहू द्या, राहू द्या" म्हणत होता. नानानं या वेळी आधी विचारलं, "का राहू द्यायचं, काका?" काकांना कारण सापडलं नाही आणि त्यांनी पेरणीच्या पाभरीला हात लावला.

त्या वर्षी येसूच्या शेतातलं पीक बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत. घराघरातलं बी एकत्र आलेलं. कुठे जोंधळ्याचं ताट डोक्यावर गेलेलं, कुठे कमरेएवढंच. एक कणीस पांढरंशुभ्र तर शेजारचं पिवळसर. दिसायला ते शेत अगदीच गबाळं होतं. पण रांजण भरला, आणि उरलेल्या जोंधळ्यासाठी नवी कणगी विणावी लागली. येसू काठी टेकत खळ्यावर आला आणि त्यानं त्या मिसळलेल्या दाण्यांत हात घातला.

तेव्हापासून त्या गावात नवा रिवाज पडला. इर्जिकीला जाणाऱ्यानं आपली भाकरी आपण न्यायची आणि ज्याचं शेत त्यानं फक्त गूळपाणी द्यायचं. आणि मग एक नवल घडलं. इतकी वर्षं 'आमचं बरं चाललंय' म्हणणारी कितीतरी घरं एकेक करून नानाच्या दारात आली. कुणाचा नांगर मोडला होता, कुणाचा बैल थकला होता, कुणाचं रान दोन वर्षं पडीक होतं. नानाला आधी कळेना की एवढी अडचण गावात एकाएकी आली कुठून. मग त्याला उमगलं की अडचण पहिल्यापासूनच होती, लोक फक्त जोतभावांच्या भुकेला घाबरून ती लपवत होते. त्या साली जोतभावांना सगळ्यांत जास्त काम पडलं आणि गावात एकही रान उघडं राहिलं नाही.

म्हणून म्हणतो, दुसऱ्याच्या मदतीला जाताना आपली भाकरी आपण बांधून न्यावी. नाहीतर आपण त्याचं शेत नांगरतो आणि त्याचं बियाणं खाऊन घरी येतो.